गोष्टीतला पोपट आणि पिंजऱ्यातला पोपट

प्राथमिक शाळेतल्या कोणत्याही वर्गात ‘तुम्हाला कोणकोणते पक्षी ठाऊक आहेत?’ असे विचारले, तर पहिल्या चार-पाच उत्तरांत पोपट असतोच. ‘तो तुम्ही कुठे पाहिला?’ हा पुढचा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. तो विचारून पाहावा. कोणी गोष्टीच्या पुस्तकात, कोणी अंकलिपीत, तर बरेच जण कोणाच्या तरी पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यात, असे सांगतात. पेण आणि रोहा तालुक्यांत तर पोपटांचे थवे रोज डोक्यावरून ओरडत जात असतात. तरीही इथल्या शाळांत मुलांशी बोलताना ‘पोपट कुठे राहतो?’ या प्रश्नापेक्षा ‘पोपट कुठे मिळतो?’ हाच प्रश्न अधिक ऐकू येतो.

‘राहतो’ आणि ‘मिळतो’ या दोन क्रियापदांमधले अंतर हा या लेखाचा विषय आहे. आपण मुलांना प्राण्यांच्या गोष्टी सांगतो त्या त्यांना प्राण्यांविषयी प्रेम वाटावे म्हणून. त्या प्रेमाचे रूपांतर प्राणी विकत घेण्याच्या हट्टात होते का? होत असेल तर केव्हा होते, आणि केव्हा होत नाही? शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचा मोजमाप करून अभ्यास केला आहे. त्यातून निघालेली उत्तरे आपल्याला वाटतात तितकी सरळ नाहीत.

गोष्टींचे तीन प्रकार

प्राण्यांच्या सर्व गोष्टी सारख्या नसतात. पहिला प्रकार नीतिकथांचा. पंचतंत्रातला सिंह, कोल्हा किंवा माकड हे खरे तर माणसेच. प्राण्याचा फक्त मुखवटा असतो. सिंहाची गोष्ट ऐकून सिंह पाळावासा वाटल्याचे उदाहरण विरळाच.

दुसरा प्रकार मैत्रीच्या गोष्टींचा. एक मुलगा किंवा मुलगी असते आणि तिचा एक प्राणी असतो. तो तिच्याशी बोलतो, तिच्या उशाशी झोपतो, संकटात मदत करतो. इथे ऐकणारे मूल स्वतःला त्या मुलाच्या जागी ठेवते. ‘माझ्याकडेही असा एक असता तर!’ हा विचार अगदी स्वाभाविक आहे.

तिसरा प्रकार रानाच्या गोष्टींचा. त्यात प्राणी आपल्या जागी, आपल्या पद्धतीने जगताना दाखवलेला असतो आणि माणूस असलाच तर दूर उभा असतो. आपल्याकडे मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी असे लेखन केले. लहान मुलांसाठी मात्र ते फार थोडे झाले आहे.

टोरोंटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अपरिचित प्राण्यांची पुस्तके वाचून दाखवली. काही पुस्तकांत प्राणी माणसांसारखे बोलत आणि विचार करत, तर काहींत ते फक्त प्राण्यांसारखे वागत. माणसाळवलेली पुस्तके ऐकलेली मुले खऱ्या प्राण्यांनाही मानवी भावना आणि हेतू अधिक प्रमाणात चिकटवू लागली. शिवाय त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती त्यांच्या मनात कमी उरली.

२०११ सालच्या आणखी एका अभ्यासात लोकांना चिंपांझीची छायाचित्रे दाखवली गेली. चिंपांझी तोच, पण एका चित्रात शेजारी माणूस उभा आणि दुसऱ्यात नाही. माणसासह असलेले चित्र पाहणाऱ्यांना चिंपांझी पाळण्याजोगा अधिक वाटला. जंगलातही चिंपांझी भरपूर असतील, असा त्यांचा समजही अधिक झाला. प्रत्यक्षात चिंपांझी ही धोक्यात आलेली जात आहे. म्हणजे चित्रात प्राण्याच्या शेजारी कोण उभे आहे, एवढ्याने सुद्धा आपले मत बदलते.

जपानमधला रॅकून

गोष्टीमुळे मागणी वाढल्याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे. स्टर्लिंग नॉर्थ या अमेरिकन लेखकाने १९६३ साली आपल्या बालपणाची एक गोष्ट लिहिली. त्यात एक मुलगा रॅकूनचे पिलू पाळतो. रॅकून हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. आकाराने मांजरापेक्षा थोडा मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि वस्तू चाचपणारे हातासारखे पुढचे पाय. या गोष्टीवर १९७७ साली जपानमध्ये दूरचित्रवाणीवर व्यंगचित्रमालिका आली आणि घरोघरी मुलांना रॅकून हवासा वाटू लागला. अमेरिकेतून पिले येऊ लागली.

पिलू गोजिरवाणे असते. पण वर्ष-दीड वर्षात ते वयात येते, चावू लागते, कडी-कोयंडे उघडते, सामान फाडते. मग अनेक कुटुंबांनी गोष्टीतल्या मुलाने शेवटी जे केले तेच केले. त्यांनी रॅकून रानात सोडून दिले. जपानमध्ये त्याआधी, १९६२ साली, काही रॅकून बंदिवासातून निसटले होतेच. त्यांत आता देशभरातून सोडलेल्यांची भर पडली. आज हा प्राणी जपानच्या जवळजवळ सर्व भागांत पसरला आहे. तो मका, कलिंगडे आणि फळे खातो, जुन्या लाकडी मंदिरांच्या आढ्यांत शिरून नुकसान करतो. २००५ साली अमलात आलेल्या कायद्याने रॅकून आणणे आणि पाळणे या दोन्हींवर बंदी आली, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

कुत्र्यांच्या बाबतीतही असाच परिणाम मोजला गेला आहे. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांवरचा प्रसिद्ध चित्रपट १९८५ मध्ये अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाला. त्यानंतर आठ वर्षांत तेथील श्वानसंघाकडे होणारी या जातीची वार्षिक नोंदणी सुमारे ८ हजारांवरून ४२ हजारांच्या वर गेली.

घुबडाची दोन उत्तरे

आता याच्या उलट उदाहरण पाहू. हॅरी पॉटरच्या कथांमध्ये नायकाजवळ एक पांढरे घुबड असते. नोव्हेंबर २०१० मध्ये भारतातील घुबडांच्या चोरट्या व्यापारावरचा ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तेव्हा म्हटले की, या कथांमुळे शहरी मध्यमवर्गातही मुलांना घुबड भेट देण्याचे विचित्र आकर्षण निर्माण झालेले दिसते. अहवाल लिहिणारे पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनाही एका परिचित बाईंनी, मुलाच्या वाढदिवसासाठी पांढरे घुबड मिळेल का, असे विचारले होते. तरी आपल्याकडे घुबडांच्या जिवावर उठणारे मुख्य कारण गोष्ट नव्हे. ते कारण म्हणजे जादूटोणा आणि दिवाळीच्या सुमारास दिले जाणारे बळी. अहवालाचा भरही त्यावरच होता.

मग गोष्टीचा परिणाम खरा किती? इंग्लंडमधील संशोधकांनी २०१७ साली हे तपासले. ज्या देशात या कथा जन्मल्या, तिथेच घुबडांची मागणी वाढल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी इंडोनेशियातील जावा आणि बाली बेटांवरच्या पक्षिबाजारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे उत्तर अगदी वेगळे आले. २००० सालापूर्वी या बाजारांत घुबडे क्वचित दिसत. २०१६ पर्यंत विक्री वर्षाला सुमारे तेरा हजारांवर गेली असावी, असा अंदाज निघाला. तिथल्या भाषेत घुबडाला ‘भुताचा पक्षी’ म्हणत. बाजारात त्याचे नाव ‘हॅरी पॉटर पक्षी’ झाले!

गोष्ट एकच, उत्तरे दोन. असे का व्हावे? जावामध्ये गावोगावी पक्षिबाजार भरतात, पक्षी पाळणे ही तिथली जुनी रीत आहे, रानातून पकडलेले घुबड स्वस्तात मिळते आणि अडवणारे कोणी नसते. इंग्लंडमध्ये ही परिस्थिती नाही. म्हणजे गोष्ट इच्छा निर्माण करते. पण इच्छेची मागणी व्हायला विक्रेता, परवडणारी किंमत आणि ‘पाळले तर काय बिघडले?’ असे मानणारा शेजार लागतो. ‘नीमो’ या माशाच्या चित्रपटांबाबतही हेच दिसते. २००३ सालच्या चित्रपटानंतर त्या माशांची बेसुमार विक्री झाली असे सर्वत्र लिहिले गेले, पण आकडे तपासल्यावर फारसा आधार सापडला नाही. २०१६ सालच्या पुढच्या चित्रपटानंतर त्यातील माशाविषयी माहिती शोधणारे लोक वाढले, आयात मात्र वाढली नाही.

ही गोष्ट शिक्षकांच्या दृष्टीने मोलाची आहे. गोष्ट ऐकल्यावर मुलाच्या मनात प्रथम जागते ते कुतूहल. त्या कुतूहलाला माहिती मिळते की दुकान, यावर पुढचे ठरते.

आपला पोपट

आता आपल्या घराकडे वळू. मराठी मुलाने सर्वांत आधी ऐकलेली गोष्ट चिऊ-काऊची. पण ती ऐकून कोणी चिमणी विकत मागत नाही. चिमणी आणि कावळा दाराशी येतात, त्यांना पिंजऱ्यात पाहायची कोणाला सवय नाही. पोपटाचे तसे नाही. आपल्या चित्रांत पोपट येतो तोच पिंजऱ्यासकट, किंवा मिरची चोचीत धरून. आणि तो बोलतो.

यातली मिरची खरी आहे. मिरचीतला जो पदार्थ आपल्या जिभेला भाजतो, त्याची जाणीव पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ होत नाही. त्यामुळे पोपट ती मजेत खातो. पण मिरची मुळात अमेरिका खंडातली. ती पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. पोपट त्याच्या आधी हजारो वर्षे इथे रानफळे, बिया, कळ्या आणि मध खात होता. केवळ डाळ आणि बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि श्वसनाचे विकार जडतात.

त्याचे बोलणेही समजून घ्यावे. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट थव्याने राहतो आणि थव्यातल्या इतरांचे आवाज ऐकून शिकतो. रानातला पोपट माणसाचा शब्द काढत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा नसतो. म्हणून तो समोर असलेल्या एकमेव कळपाचे, म्हणजे माणसांचे, आवाज उचलतो. आपण ज्याला लाघव म्हणतो ते पुष्कळदा एकटेपणातून आलेले असते.

बाजारात येणारा देशी पोपट बहुधा पिलू असतानाच ढोलीतून काढलेला असतो. पोपट स्वतः घर बांधत नाही. जुन्या झाडांच्या ढोल्या किंवा सुतार, तांबट यांनी कोरलेली भोके तो वापरतो. पिले काढताना ढोली फोडली, तर पुढच्या वर्षीची जागाही जाते. रस्तारुंदीकरणात जुने आंबे आणि वड तुटलेल्या भागात ढोल्या आधीच कमी झालेल्या असतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीने देशी पोपट, मैना, मुनिया यांचा व्यापार बेकायदा झाला. देशी पोपट घरी ठेवणे हाही गुन्हा आहे, हे अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसते. व्यापार चोरून चालू राहिला, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्येही अनेकदा छापे पडले. पण इच्छेचा मोठा भाग दुसरीकडे वळला. देशी पोपट नको, तर परदेशी चालेल! मुलाला हवा होता गोष्टीतला बोलणारा पोपट. घरी आले बजरी, कॉकटील, आणि ऐपत असेल तिथे आफ्रिकेचा राखी पोपट किंवा दक्षिण अमेरिकेचा मकाव.

या सर्वांना एका मापाने मोजू नये. बजरी हा ऑस्ट्रेलियातला पक्षी. आपल्याकडे त्यालाच चुकून ‘लव्हबर्ड’ म्हणतात. १८४० साली तो प्रथम इंग्लंडला नेला गेला आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्याची पैदास होत आली आहे. आफ्रिकेचा राखी पोपट मात्र रानातून इतका पकडला गेला, की २०१७ पासून रानातल्या राखी पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तो चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. म्हणजे सातवीतल्या मुलासाठी आणलेला पोपट त्या मुलाच्या निवृत्तीपर्यंत साथ देऊ शकतो. गोष्ट दहा मिनिटांत संपते, पोपट संपत नाही.

एक शब्द, तीन प्राणी

ससा आणि कासवाची गोष्ट तर सर्वांनाच पाठ. इथे आपली भाषा एक पेच निर्माण करते. जमिनीवर राहणारे, तळ्यात राहणारे आणि समुद्रात राहणारे, अशा तिन्ही प्राण्यांना आपण ‘कासव’ असेच म्हणतो.

दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते समुद्री कासव. भोगावती, आंबा, कुंडलिका यांसारख्या नद्यांच्या आणि गावतळ्यांच्या गोड्या पाण्यात राहतात ती वेगळी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव जमिनीवरचे. ते कोकणात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतल्या कोरड्या, झुडपी माळांवर ते राहते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात त्याला फुप्फुसाचे आजार होतात. पाण्याच्या टाकीत ठेवले तर ते बुडून मरते, कारण त्याला पोहता येत नाही. तरी शुभ म्हणून आणि मुलांची हौस म्हणून ते चोरून विकले जाते. २०१९ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली.

दुकानातल्या काचेच्या भांड्यात रुपयाएवढी हिरवी कासवे दिसतात, ती यांपैकी कोणतीच नव्हेत. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तिथे त्यांची शेती होते. लहान मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंची बाधा होते असे दिसल्यावर अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे देशात विकण्यास मनाई केली. त्यानंतर ती परदेशी जाऊ लागली. १९८७ पासून दूरचित्रवाणीवर आणि १९९० मध्ये चित्रपटात चार लढवय्या कासवांची कथा गाजली, तेव्हा माल तयारच होता. १९८९ ते १९९७ या काळात सुमारे ५ कोटी २० लाख कासवे अमेरिकेबाहेर गेली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली. आपल्या महानगरांत मात्र ती आजही सहज मिळतात.

रुपयाएवढे हे कासव पुढे जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. काचेचे भांडे पुरेनासे झाले की घरात एकच उपाय सुचतो. तो म्हणजे देवळाच्या तळ्यात सोडून देणे.

सोडून देणे ही दया आहे का?

आपल्या बहुतेक गोष्टींचा शेवट पिंजऱ्याचे दार उघडून होतो. पक्षी उडून जातो आणि सर्वांना बरे वाटते. देशी पक्ष्याबाबत ही भावना योग्यच. तरी पिलू असताना पकडलेल्या पोपटाला अन्न शोधणे आणि ससाण्यापासून वाचणे शिकलेले नसते. त्याला वनखात्याच्या किंवा अनुभवी पक्षिमित्रांच्या हाती देणे बरे. वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ आहे.

परदेशी प्राण्याबाबत मात्र हा शेवट घातक ठरतो. लाल पट्ट्याचे कासव तळ्यातले बेडूकमासे, मासे, वनस्पती असे सर्व काही खाते, ऊन खायच्या जागा बळकावते आणि देशी कासवांना हटवते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत ते आहे. पुण्या-मुंबईच्या पाणवठ्यांत ते सापडले आहे. पेणच्या एखाद्या तळ्यात एका कुटुंबाने दयेपोटी सोडलेले कासव तिथल्या देशी कासवांची जागा घेऊ शकते.

कायदाही आता या बाजूला वळला आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. बजरी, कॉकटील यांसारखे काही पक्षी त्या यादीत नाहीत, राखी पोपट आणि मकाव आहेत.

वर्गात काय करता येईल?

गोष्टी बंद करणे हा उपाय नव्हे. जी मुले प्राण्यांच्या गोष्टी ऐकत नाहीत त्यांना प्राण्यांविषयी आस्था वाटणार तरी कशी? गोष्ट संपल्यावर पाच मिनिटे अधिक द्यावीत आणि चार प्रश्न विचारावेत. हा प्राणी कुठे राहतो? दिवसभर काय खातो? कोणाबरोबर राहतो? किती वर्षे जगतो? गोष्टीत यांतले काय खरे होते आणि काय कल्पनेचे, हे मुलांनीच शोधावे. कल्पना खोटी म्हणून टाकायची नाही, ती कल्पना आहे एवढे ओळखायचे.

वरच्या वर्गांसाठी एक उपक्रम सुचवतो. तीन रकाने आखावेत: गोष्टीतले प्राणी, बाजारातले प्राणी, शिवारातले प्राणी. पहिला रकाना पाठ्यपुस्तके आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून भरावा. दुसरा पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेत, आठवडी बाजारात आणि ओळखीच्या घरांत पाहून भरावा, घरांची नावे न लिहिता. तिसरा महिनाभर सकाळी अर्धा तास गावाबाहेर फिरून भरावा. पहिल्या दोन रकान्यांत एकाच वेळी असणारे प्राणी कोणते? त्यांच्या गोष्टी तीन प्रकारांपैकी कोणत्या? आणि तिसऱ्या रकान्यात असूनही ज्याची एकही गोष्ट नाही, असे किती? या शेवटच्या यादीतल्या एका प्राण्यावर मुलांनी स्वतः गोष्ट लिहावी. अट एकच: प्राणी आपल्या घरी येणार नाही, आपण त्याच्या घरी जायचे.

सामग्री जवळच आहे. कर्नाळा अभयारण्य पेणहून हाकेच्या अंतरावर. फणसाड अभयारण्य मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले. तिथे आपला राज्यप्राणी शेकरू उंच झाडांवर घरटी बांधतो. पोपटांत म्हणाल, तर कंठवाला आहे, जांभळट-लाल डोक्याचा आहे आणि रानात फांदीला उलटा लटकून झोपणारा चिमुकला पोपटही आहे.

शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या किहीम येथे १९३० साली सालिम अलींनी बाया पक्ष्यांची वसाहत तासन्‌तास न्याहाळली. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, म्हणजे घर विणणारी मादी असे समजतो. अलींना दिसले ते उलटेच. विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पिंजऱ्यात ठेवलेल्या बायाने हे कधीच दाखवले नसते. मुलांना वर्गात ही हकिकत सांगावी आणि पावसाळ्यात जवळच्या विहिरीवरची, शिंदीवरची घरटी दाखवायला न्यावे. एकदा ते पाहिले, की ‘कुठे मिळतो?’ हा प्रश्न मुले पुढच्या वेळी विचारतात का, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात ताडून पाहावे.